माठातलं पाणी, २६ अंश

"मामा, ॲक्झोलॉटल पाळू या का? तो सगळ्यांत सोपा असतो म्हणे." अहेरीत मे महिन्याच्या भरदुपारी बारा वर्षांच्या भाच्याने हे विचारलं, तेव्हा अंगणात पाय ठेववत नव्हता आणि प्राणहितेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. सॅलॅमँडर, म्हणजे शेपटीचे उभयचर, पाळणाऱ्यांत मेक्सिकोचा ॲक्झोलॉटल आणि स्पेन-मोरोक्कोकडचा रिब्ड न्यूट हे नवख्यालाही जमणारे मानले जातात. ॲक्झोलॉटल जन्मभर पाण्यातच राहतो, मोठा झाला तरी कल्ले टाकत नाही, गांडुळं आवडीने खातो. त्याचा तुटलेला पाय पुन्हा फुटतो! १८६४ मध्ये मेक्सिकोहून ३४ ॲक्झोलॉटल पॅरिसला गेले आणि त्यांची पिलावळ प्रयोगशाळांमधून जगभर पसरली. मूळ घरी, सोचिमिल्कोच्या कालव्यांत, मात्र तो नामशेष व्हायला आला आहे.

पण त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंशांचं. २४ च्या वर तो खाणं सोडतो, आजारी पडतो.

भाच्याने थर्मामीटर आणला. सावलीतल्या बादलीत ३२. मग त्याने माठाचं झाकण काढलं. २६. "म्हणजे माठातसुद्धा नाही?" त्याने थर्मामीटर बराच वेळ पाण्यातून काढला नाही. पाणी थंड ठेवणारं यंत्र मिळतं, पण वादळात इथली वीज गेली की ते किती तास बंद राहील याचा भरवसा नाही. त्या जिवाचे हाल मला बघवले नसते.

आपल्या देशातला सॅलॅमँडर राहतो दार्जिलिंग आणि ईशान्येकडच्या थंड डोंगरांत, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे, पकडणं गुन्हाच. महाराष्ट्रात एकही नाही. परसातल्या दगडाखालून सुळकन जाते ती सॅलॅमँडर नव्हे, सापसुरळी. अंगावर खवले असलेली, सरड्याच्या कुळातली.

जुलैत सिमेंटच्या टाक्याच्या काठावर, पाण्याच्या जरा वर, पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला. झाडावर राहणाऱ्या बेडकाचं ते घरटं. आत अंडी. कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद भाच्याने आपल्या आजीलाही दिली. रोज सकाळी तो वहीत तारीख आणि पाण्याचं तापमान लिहायचा. पाचव्या दिवशी फेस ओघळला आणि बेडूकमासे टपटप पाण्यात पडू लागले. सत्तावीसपर्यंत त्याने मोजले; पुढचे एकमेकांत मिसळून गेले.