वेदीआधीचा समेट

ख्रिस्ती उपासनेत क्षमा आधी येते, अर्पण नंतर. वेदीपाशी गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो. चूक कोणाची, हे तो विचारत नाही. मराठी मंडळ्यांत या वचनाचा धाक अजून आहे. दोन घरांत अबोला असला की प्रभुभोजनाच्या रविवारी एखादे माणूस जागचे हलत नाही, आणि मग त्या आठवड्यात पाळकांना दोन्हीकडे चहा घ्यावा लागतो.

अबोला मोडणे त्या मानाने सोपे. परक्याला आपल्यात घेताना जात आडवी येते. तेव्हाच्या औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम १९ व्या शतकात रतनजी नौरोजी या मूळच्या पारशी पाळकाने वाढवले. आसपासच्या खेड्यांतून आलेले लोक बहुतेक महार आणि मांग. गावच्या पाणवठ्याला ज्यांचा हात लागू देत नसत, त्यांच्या ओठांना अँग्लिकन रिवाजातला सर्वांचा मिळून एक प्याला लागला. पाळक त्याची कड फडक्याने पुसतो, किंचित फिरवतो आणि पुढच्याला देतो. महार आणि मांग एकमेकांच्या हातचे खात नसत, हे ध्यानात घेतले तर त्या साध्या कृतीचे वजन कळते.

सोवळ्याच्या बाजूचा अनुभव लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या दुरावल्या. पुढे नांदायला आल्या त्याही सोवळे सांभाळून, आणि टिळकांनी ते चालू दिले. शिवाशीव लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून सोडली. हे सारे त्या स्वतःचीच थट्टा करत सांगतात. पुष्कळ प्रवचनांपेक्षा ते सरस आहे.

त्याच औरंगाबाद शहरात चिकलठाण्याच्या कारखान्यांबरोबर वाढलेल्या मुकुंदवाडीसारख्या वस्तीत एकाच आजोबांची काही नातवंडे बौद्ध, काही ख्रिस्ती असणे नवलाचे नाही. अनुसूचित जातींचा दर्जा बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशामुळे अजून बाहेरच आहेत. शिवाय १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, आणि नामांतराला १९९४ उजाडले. हे सारे सोसलेल्या माणसाला क्षमेचा उपदेश करणे इतरांना फार सोयीचे असते. लूकच्या सतराव्या अध्यायातला क्रम मात्र वेगळा आहे: अपराध्याला आधी त्याचा दोष दाखवायचा, तो पस्तावला की क्षमा करायची. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी भारतातली अनेक चर्चेस दलित मुक्ती रविवार पाळतात, तो या दोष दाखवण्याचाच भाग. त्यातून चर्चही सुटत नाही. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत आहे. महाराष्ट्रात तशी भिंत दिसत नसली, तरी सोयरीक जुळवताना घराणे मूळचे कोणत्या जातीचे, याची चौकशी होतेच.