पहिला मान तुमचा!

बी. कॉम. झालेल्या माणसाला पैशाच्या बाबतीतलं सगळं कळतं, असा आमच्या घराण्यात एक गोड गैरसमज आहे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या माझ्या आत्येभावाच्या, म्हणजे अण्णाच्या, दोन्ही किडन्यांनी बेमुदत संप पुकारला तेव्हा त्याने रिपोर्ट डॉक्टर भाच्याकडे पाठवले आणि विम्याचे कागद माझ्याकडे. मी बँकेत काउंटरवर बसतो. अमेरिकेशी माझा संबंध अण्णाने आणलेल्या चॉकलेटांपुरता. पण खाल्लेल्या चॉकलेटांना जागायला नको?

अण्णा छप्पन्न वर्षांचा. नोकरी चालू, कंपनीचा विमाही चालू. आणि आता सरकारचा मेडिकेअर. हा एरवी पासष्टीनंतर मिळतो. पण किडन्या कायमच्या गेल्या आणि नोकरीत पुरेशी वर्षं कर भरलेला असला, की वयाची अट सुटते. १९७१ साली शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने तिथल्या संसदेच्या समितीसमोर चक्क डायलिसिस करून घेतलं आणि १९७२ साली कायदा झाला. (आमच्या युनियनला अजून हे सुचलेलं नाही.)

"दोन दोन विमे? मग फायदाच की!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

बायको, तिथेच तर मेख आहे! आपल्याकडे लग्नात भांडण होतं ते मान घेण्यावरून. इथे बिल आलं की दोन्ही पक्ष कमरेत वाकून म्हणतात, "पहिला मान तुमचा!" "छे छे, थोरले तुम्ही!" आणि मधे नवरदेव हाताला दोन सुया टोचून बसलेला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.

तेव्हा या मानपानाचा नियम सरकारनेच ठरवून दिला आहे. केंद्रात जाऊन डायलिसिस घेणाऱ्याचा मेडिकेअरचा हक्क चौथ्या महिन्यापासून सुरू होतो. तिथून ३० महिने आधी कंपनीने द्यायचं, उरलंसुरलं सरकारने बघायचं. एकतिसाव्या महिन्यात पाट बदलतात: सरकार आधी, कंपनी मागून. १९८१च्या कायद्यात हे बाराच महिने होते, १९९० साली अठरा झाले, १९९७ साली तीस. सरकारचा विनय असा वाढत गेलेला आहे. आणि तुम्ही मेडिकेअर घ्या न घ्या, महिने मोजायला सुरुवात होतेच.

मेडिकेअरचे दोन मुख्य भाग. ए रुग्णालयाचा, बहुतेकांना फुकट. बी डॉक्टर, डायलिसिस वगैरेंचा. त्याला दरमहा हप्ता. अण्णा म्हणाला, "ए घेतो. बी कशाला? आधी कंपनीच देतेय ना? पुढचं पुढे बघू."

हे 'पुढे बघू' बँकेत मी रोज ऐकतो. किडनीच्या आधारावर ए घेतला आणि बी सोडला, तर नंतर ते दार जानेवारी ते मार्च एवढंच उघडतं आणि उशिराचा दंड हप्त्याला चिकटतो. दुसरं म्हणजे, बदललेली किडनी टिकवण्याच्या गोळ्या जन्माच्या. प्रत्यारोपणाच्या वेळी ए असला तरच बी त्यांचे पैसे देतो. आणि त्याचं प्रत्यारोपण ठरत आलेलं. किडनी देणार होत्या वहिनी.

मी व्हिडिओवर म्हटलं, "अण्णा, ती किडनी देतेय आणि तुला हप्ता जड होतोय?"

अमेरिकेत बराच वेळ शांतता होती. कॅमेऱ्यात नुसता पंखा दिसत होता. मग वहिनींचा आवाज आला, "भावजी, फॉर्म कुठला भरायचा तेवढं सांगा."

एक गोष्ट मात्र मला अजूनही पटत नाही. केवळ किडनीसाठी मिळालेला मेडिकेअर प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपतो. किडनी वहिनींची, मुदत सरकारची! २०२३पासून निव्वळ या गोळ्यांपुरता वेगळा विमा निघाला आहे, पण तो दुसरा विमा नसलेल्यांनाच. म्हणजे अण्णाने नोकरी टिकवायची, किडनीही टिकवायची.

फॉर्म गेला. पुढच्या आठवड्यात केंद्रातल्या खिडकीवरच्या मुलीने नवी कार्डं मागितली आणि विचारलं, "यात पहिलं कोण?" वहिनी सांगत होत्या, अण्णाने सरळ त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

मग त्यांनीच पर्समधून कार्डं काढून दिली. कंपनीचं वर, सरकारचं खाली.