दादाचा डबा

नाताळच्या रात्रीची मिस्सा आटोपून घरी आल्यावर आमच्या घरात एक विधी वर्षानुवर्षे पाळला जात असे. त्याची नोंद कोणत्याही प्रार्थनापुस्तकात सापडणार नाही. मंडळी निजली, की मी आणि माझा थोरला भाऊ ओटीवर येऊन बसायचो. दोघांच्या मध्ये पत्र्याचा एक गोल डबा. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून दादा चमच्याच्या टोकाने ते हळूच उचली आणि मग आम्ही दोघे मधुमेही, तो २००३ पासूनचा आणि मी २०१४ पासूनची, आळीपाळीने एकेक चॉकलेट उचलीत असू. मोजून तीन. पुष्कळदा चार. वहिनीला ठाऊक नव्हते असे आम्ही समजत होतो.

२०२२ च्या नाताळात हा विधी मोडला. त्याला कारण डॉक्टर नव्हते आणि वहिनीही नव्हती. मला ते चॉकलेट आवडेनासे झाले होते.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. दादासमोर उच्चारायला मला तीन वर्षे लागली. का लागली, ते समजण्यासाठी त्या डब्याचा इतिहास सांगायला हवा.

आमचे बालपण वसईच्या एका वाडीत गेले. तेथे गोड म्हणजे गूळ, सांदणे, सणाला दोदोल आणि राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी. दुकानातून यायच्या त्या लिमलेटच्या गोळ्या, त्याही बाबांच्या पगाराच्या दिवशी. दादा १९७५ साली कुवेतला गेला आणि १९७७ च्या नाताळात पहिल्यांदा सुटीवर आला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. ट्रंकेतून आईसाठी कापड निघाले, बाबांसाठी घड्याळ, आणि तळाशी रंगीबेरंगी कागदांत गुंडाळलेल्या चॉकलेटांचा डबा. जांभळ्या कागदातले मला मिळाले. आत हेझलनटचा दाणा आणि भोवती पातळ कॅरमेल. ते मी चावले नाही. जिभेवर ठेवून ओटीवर एकटी बसून राहिले. तो जांभळा कागद पुढे कित्येक वर्षे माझ्या शब्दकोशात होता. डोळ्यांसमोर धरला, की सगळी वाडी जांभळी दिसे.

त्यानंतर दर दोन वर्षांनी डबा आला. अपवाद १९९० चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि हजारो भारतीयांप्रमाणे दादाही इराक व जॉर्डनमार्गे अम्मानला पोहोचून एअर इंडियाच्या विमानाने परतला. हातात एक कापडी पिशवी होती. पंधरा वर्षांच्या कष्टांचे तेवढेच उरले होते. घरातल्या एका लहानग्याने, त्याला काय कळणार, चॉकलेट कुठे म्हणून विचारले. आई त्याला दटावू लागली. दादा मात्र काही न बोलता उठला, नाक्यावर गेला आणि उसन्या पैशांनी कॅडबरी घेऊन आला. पुढे तो दुबईला गेला, २०१२ मध्ये कायमचा परतला, आणि आता त्याचा मुलगा तिकडून तोच डबा पाठवतो. तेव्हा त्या डब्यातले चॉकलेट मी नाकारणे म्हणजे काय, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

मला मधुमेह असल्याचे कळले तेव्हा मी पन्नाशीची होते. आमचे डॉक्टर माझे माजी विद्यार्थी. अहवाल बाजूला ठेवून ते म्हणाले, “टीचर, उपवास तुम्हाला नवा नाही. साखर सोडायची, एवढंच.”

खरेच, उपवास मला नवा नव्हता. राखेच्या बुधवारी आम्ही भावंडे काही ना काही सोडत आलो होतो. कोणी चहातली साखर सोडी, कोणी गोळ्या, आणि वाचलेले पैसे एका डबीत टाकत असू. पण त्या चाळीस दिवसांना पलीकडचा तीर होता. पास्खाच्या सकाळी मार्झिपानच्या अंड्यावरची साखरेची फुले जिभेवर विरघळत, तेव्हा त्यागाचीही गोडी लागे. डॉक्टरांनी सांगितलेल्या उपवासाला ईस्टर नव्हता. आज सोडायचे, उद्या सोडायचे आणि तसेच सोडत राहायचे. हे पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आले आणि मी डळमळले.

पुढची चार वर्षे मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. शाळेच्या कपाटात, तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यामागे, मी दुधाच्या चॉकलेटची वडी ठेवू लागले. मधल्या सुट्टीत दोन तुकडे. ज्या दिवशी खाल्ले त्या दिवशी बोट टोचून रक्त तपासायचे नाही; ज्या दिवशी नीट वागले त्याच दिवशीचे आकडे डायरीत लिहायचे. प्रगतिपुस्तकावरची पालकांची खोटी सही लांबून ओळखणारी मी स्वतः खोटी डायरी लिहीत होते. हे पापनिवेदनात सांगावे की दवाखान्यात, याचा निर्णय होत नव्हता. मी दोन्हीकडे सांगितले नाही. पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी डायरी वाचत नाही. ती दर वेळी आठाच्या वरच येई.

२०१८ च्या अखेरीस डोळे तपासताना नेत्रतज्ज्ञांना पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. मधुमेहाने डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होतात, त्याची ती खूण. दृष्टी अजून शाबूत होती. परंतु आईची शेवटची वर्षे मला आठवली. तिलाही हाच आजार होता आणि अखेरीस जपमाळेचे मणी ती केवळ बोटांनीच ओळखत असे. त्या संध्याकाळी कपाटातली वडी मी शिपाईमामांच्या नातीला देऊन टाकली.

२०१९ चा राखेचा बुधवार ६ मार्चला होता. त्या दिवशी चहातली साखर सोडली, बिस्किटे सोडली, आणि ईस्टर आला तरी पुन्हा धरली नाहीत. चॉकलेट मात्र मनातून जाईना. प्रथम मी ‘शुगर फ्री’ चॉकलेटच्या नादी लागले. त्यांत पुष्कळदा साखरेऐवजी माल्टिटॉल असते. त्यानेही रक्तातली साखर वाढते, फक्त कमी. आणि जास्त खाल्ले तर पोट असे बिघडते, की एका रविवारी प्रवचन चालू असताना मला चर्चच्या मागच्या दाराने बाहेर पडावे लागले. फादरांनी नंतर प्रकृतीची चौकशी केली. मी उन्हाचे नाव सांगितले.

मग मी काळ्या चॉकलेटकडे वळले. आधी पंचावन्न टक्के कोकोचे, मग सत्तर. वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचायची सवय लागली. दुधाच्या साध्या चॉकलेटमध्ये शंभर ग्रॅमला सुमारे पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे निम्मी वडी साखरच. सत्तर टक्के कोकोच्या वडीत ती तीस ग्रॅमच्या आसपास, पंच्याऐंशीत पंधराच्या आसपास. स्निग्धांश मात्र वाढलेला असतो, तेव्हा साखर कमी म्हणून हवे तेवढे खावे असा अर्थ कोणी काढू नये. मी जेवणानंतर एक चौकोन घेते, दहा ग्रॅमचा.

पहिला चौकोन मी थुंकून टाकला होता. आधीच मेटफॉर्मिनच्या गोळीने काही जणांच्या तोंडाला धातूसारखी चव येते, तशी मला येत असे. त्यात हा कडूपणा. दोन महिने ती वडी फ्रिजमध्ये पडून होती. मग एके दुपारी, का ते सांगता येत नाही, तुकडा जिभेवर ठेवला आणि न चावता थांबले, लहानपणी थांबले होते तशी. कडूपणा आला, आणि त्याच्यामागून भाजलेल्या कॉफीसारखे, सुक्या मनुकेसारखे काहीतरी आले. अगदी शेवटी पुसटशी गोडी. ती इतकी अल्प होती, की तिच्याकडे लक्ष द्यावे लागले.

फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही माणसांच्या आहारातील साखर तीन महिने बरीच कमी केली, आणि तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग त्यांना इतरांपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक गोड लागू लागले. त्यांची आवड मात्र फारशी बदलली नव्हती. माझी तीही बदलली.

मूळ चॉकलेट कडूच होते, हे मी शाळेत शिकवले होते. जिभेने शिकायला पन्नाशी उलटावी लागली. मेक्सिकोचे ॲझटेक लोक कोकोचे पेय मिरची घालून पीत. साखर मिसळली ती स्पॅनिश लोकांनी. घट्ट वडी १८४७ साली इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीने केली आणि दुधाचे चॉकलेट १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटरने. आपल्या ख्रिस्तसभेतही या पेयाने बराच गोंधळ घातला आहे. ते प्यायल्याने उपवास मोडतो की नाही यावर वर्षानुवर्षे वाद झाले, आणि कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी १६६४ साली रोममध्ये त्यावर चक्क एक प्रबंध छापून उपवास मोडत नाही असा कौल दिला. थॉमस गेज या इंग्रज धर्मबंधूच्या १६४८ च्या प्रवासवर्णनात तर चियापासच्या बिशपांची हकिकत आहे. तिथल्या प्रतिष्ठित स्त्रिया मिस्सा चालू असताना दासींकडून गरम चॉकलेट मागवत. बिशपांनी बंदी घातली, आणि पुढे चॉकलेटच्याच पेल्यातून विष देऊन त्यांना मारल्याची वदंता पसरली. खरेखोटे गेजच जाणे. पण चॉकलेट सोडा असे सांगणाऱ्याबद्दलचा तो राग मला अगदी ओळखीचा वाटला.

तर असे असताना दादाचा डबा येत होता. २०१९ च्या नाताळात मी पहिले चॉकलेट तोंडात घातले आणि दचकले. गोडीचा लोंढा आला, घशाला चिकटला. हेझलनट, कॅरमेल, कशाचीच वेगळी चव लागेना. डबा तोच, कागद जांभळाच. जीभ माझी नव्हती. मी गिळले आणि छान आहे म्हणाले. पुढच्या वर्षी करोनामुळे एकत्र बसणे झालेच नाही, तेव्हा सुटल्यासारखे वाटले आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. २०२१ साली मी चॉकलेटे तळहातात लपवून गाऊनच्या खिशात टाकली. सकाळी खिशाला मुंग्या लागल्या होत्या.

२०२२ मध्ये मी सांगून टाकले. त्या वर्षी कंपनीने बहुतेक चॉकलेटांचे चकचकीत पारदर्शक कागद काढून साधे कागद आणले होते. दादा ते उजेडाकडे धरून बघत होता आणि आता पलीकडचे दिसत नाही म्हणून हळहळत होता. मी म्हटले, “दादा, मला हे आता गोड लागत नाही. नुसतं लागतं.” मला जे म्हणायचे होते ते नीट म्हणता आले नाही. मी माझ्या काळ्या वडीचा चौकोन पुढे केला. त्याने वास घेतला आणि परत दिला. “काढ्याची वडी आहे ही,” तो म्हणाला. मग डब्याचे झाकण लावले, या वेळी आवाज करून, आणि निजायला गेला.

मला वाटले होते, माझे पाहून तोही सोडील. तसे झाले नाही. तो एकटाच खाऊ लागला, एवढेच. चोरी दोघांची होती तोवर तिला मर्यादा होती. मी तीनवर थांबले की त्यालाही थांबावे लागे. माझी साखर आता सातच्या आत आहे, डोळ्यांतले ठिपके वाढलेले नाहीत, आणि त्याचे इन्सुलिन दोनदा वाढवावे लागले. हा हिशेब मी पुष्कळदा मांडते. तो जुळत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका पहाटे वहिनीचा फोन आला. रात्री इन्सुलिन घेऊन दादा अर्धपोटी निजला होता. घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. वहिनीने घाईने डब्यातली दोन चॉकलेटे त्याच्या तोंडात घातली. मी पोहोचले तेव्हा यंत्रावर आकडा बावन्न होता. साखरेचे पाणी पाजले, मग हळूहळू माणसात आला. नंतर डॉक्टरांनी समजावले, की अशा वेळी चॉकलेट उपयोगाचे नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालयात न्यावे. प्रत्येक मधुमेह्याच्या घरात हे सर्वांना ठाऊक हवे. दादाने यातून एवढाच बोध घेतला, की साखर हे औषध आहे.

तरी त्या पहाटेनंतर काहीतरी हलले असावे. २०२५ च्या ईस्टरला जेवणे झाल्यावर तो माझ्या स्वयंपाकघरात आला. पोरांना मार्झिपानची अंडी वाटून झाली होती. इकडेतिकडे बघत त्याने विचारले, “तुझी ती काढ्याची वडी आहे का गं?” मी सत्तर टक्क्यांचा एक चौकोन मोडून दिला आणि चावू नको म्हणून बजावले. तो स्टुलावर बसला. चेहरा वाकडा झाला. मी वाटी पुढे केली, थुंकायचे असेल म्हणून. त्याने हातानेच नको म्हटले. बराच वेळ डोळे मिटून बसला. मग उरलेला अर्धा तुकडा तोंडातून काढून, कागदात गुंडाळून, सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“वाईट आहे,” तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळून विचारले, “कितीला मिळते?”