माघातली राणीची बाग

बुधवारी राणीची बाग बंद असते. म्हणून माघ-फाल्गुनात मी गुरुवारी जाते, आणि तेही दार उघडता उघडता. एक अख्खा दिवस त्या वाटांवर गर्दीचं पाऊल पडलेलं नसतं. शिशिरात जे काही फुलतं ते आधी खाली, मातीवर भेटतं. वर बघायचं ते नंतर. ही सवय मला आत्याने लावली.

आत्या चिंचपोकळीला चाळीत राहायची, दुसऱ्या मजल्यावर. आम्हा भावंडांना तिच्याकडे राहायला पाठवलं की एक सकाळ राणीच्या बागेची ठरलेलीच. आधी पाणघोडा, मग झाडं, असा तिचा आमच्याशी करार होता. पाणघोडा बघून झाला की ती आम्हाला मागच्या सावलीत न्यायची आणि एखाद्या झाडाखाली थांबून म्हणायची, "चपला काढा बाजूला. फुलांवर चपलेने चालू नये." माघातली माती सकाळी गार असायची. तळपायाला ओल लागायची, त्यावर केसरांचे मऊ धागे चिकटायचे आणि घरी येईपर्यंत बोटांच्या बेचक्यांत अडकून राहायचे.

तिचा करार उलटा होता हे मला फार उशिरा कळलं. ही बाग आधी झाडांचीच. शिवडीला एका कृषी आणि उद्यान संस्थेची बाग होती, ती भायखळ्याच्या या जागेत आणली गेली आणि 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. जनावरांचे पिंजरे आले 1890 च्या सुमाराला, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांनी. तोवर लोक इथे झाडं बघायला येत. कागदोपत्री व्हिक्टोरिया गार्डन्स, लोकांच्या तोंडी राणीची बाग, आणि आता पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पन्नासहून अधिक एकरांवर पसरलेल्या या बागेत जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतली झाडं शेजारी शेजारी वाढली. बाहेर लालबाग-परळच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्या भोंग्यांवर चालणारी सगळी आयुष्यं वाहून गेली, आणि आत हे रान दर शिशिराला आपलं काम करत राहिलं.

शिशिर म्हटलं की पानगळ, पानगळ म्हटलं की उदासी, असं आपण लिहीत-वाचत आलो. मला ते कधी पटलं नाही. माघ शुद्ध पंचमीला आपण वसंत पंचमी म्हणतो. पंचांगात वसंत चैत्रात सुरू होतो, पण त्याचा सण मात्र ऐन शिशिरात येतो. ज्यांनी ही तिथी ठरवली त्यांनी झाडांकडे नीट पाहिलं असणार. आपल्याकडे फुलं पानगळ संपायची वाट बघत नाहीत. ती पानगळीच्या आतच येतात.

सीता-अशोकाखाली मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहते. नाव सांगितलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ते सोसायटीच्या कुंपणाशी उभं असलेलं उंच, सरळसोट, लांब पानांचं झाड येतं. तो खोटा अशोक, आसुपालव. खरा अशोक बुटका, पसरट, गर्द. त्याचं फूल हातात घेऊन पाहावं. त्याला पाकळ्याच नसतात. पाकळी म्हणून जे दिसतं ते पुष्पकोशाचे चार भाग, आणि त्यांच्यातून लांबच लांब गडद लाल केसर बाहेर आलेले, मांजराच्या मिशांसारखे. फूल उमलतं तेव्हा पिवळसर, मग नारिंगी होतं, जून होता होता लालबुंद. त्यामुळे एकाच घोसात तीन वयाची फुलं एकत्र नांदतात. फांदीच्या टोकाशी फुलायचं हा नियमही हे झाड पाळत नाही. जाड फांदीवर, कधी थेट खोडाच्या काळपट सालीतून झुपका बाहेर आलेला असतो. अगदी जवळ गेलं तर त्या सालीला हात लागतो, खरखरीत आणि गार, आणि दोन बोटांवर ते नाजूक केशरी फूल. इतकं म्हातारं लाकूड आणि इतकं कोवळं फूल यांच्यात एक देठसुद्धा धड नाही.

वास संध्याकाळी जास्त येतो. सकाळी उरतो तो रात्रीचा शेष. त्यासाठी नाक घोसात घालावं लागतं, पण तो मिळतो.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात राणी धारिणी झोपाळ्यावरून पडते, तिचा पाय दुखावतो, आणि अशोकाला लत्ताप्रहार करायला ती मालविकेला पाठवते. तरुणीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो, हा तो दोहदाचा संकेत. लहानपणी मला यातलं काही माहीत नव्हतं. पण आत्याने चपला काढायला लावलेल्या, आम्ही पोरी अनवाणी, आणि वर अशोक फुललेला. नाटक वाचताना मला ती चाळीतली आत्याच आठवली. पाय लावल्याने झाड फुलतं असं तिने कधी सांगितलं नाही. झाडाजवळ जाताना पायाचं भान ठेवायचं असतं, एवढं मात्र शिकवलं.

अशोकाच्या नव्या पानांची गोष्ट निराळीच आहे. ती ताठ येत नाहीत. तांबूस, तपकिरी, रेशमी, जुडीच्या जुडी खाली लोंबत असते, जणू कुणी ओले रुमाल फांदीवर टाकलेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला झाड वाळतंय असं वाटतं. माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीने हळहळून "पाणी कमी पडतंय ग याला" म्हटलं होतं. पण त्या पानांत अजून हिरवं द्रव्य भरायचं असतं, देठात बळ यायचं असतं. काही दिवसांत ती वर उचलली जातात आणि हिरवी होतात. कोवळेपणी किड्यांनी खाऊ नये, उन्हाने करपू नये म्हणून झाड असं करत असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हीच लोंबती पानं मला बागेत आणखी दोन झाडांवर दिसली, आणि त्या दिवशी मी आनंदाने तिथेच खाली बसले. एक ब्राउनिया, मूळचं थेट वेस्ट इंडीज-व्हेनेझुएलाकडचं. त्याचे लाल चेंडूसारखे गुच्छ पानांखाली दडलेले असतात, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. दुसरं झाड ब्रह्मदेशातलं, उर्वशी. आणि आपला अशोक. तिघांमध्ये समुद्र आहेत, पण तिघं एकाच घराण्यातली, आणि तिघांनीही आपली कोवळी पानं अशीच खाली सोडलेली. तीन देशांतल्या चुलत बहिणींनी एकसारखा अंबाडा घालावा तशी.

उर्वशीबद्दल मला सावकाश लिहायचं आहे.

वनस्पतिशास्त्रात तिचं नाव अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस. 1827 च्या सुमाराला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे नाथानिएल वॉलिच ब्रह्मदेशात साल्वीन नदीकाठी एका पडक्या विहाराच्या बागेत पोचले, तेव्हा त्यांना अशी दोन झाडं बहरलेली दिसली. जवळच्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढे त्याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. वॉलिचनी झाडाला नाव दिलं ते गव्हर्नर जनरलच्या पत्नीचं आणि मुलीचं. पुढे ही फुलं इंग्लंडात बघायचीच असा ध्यास एका ड्यूकने घेतला. त्याने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडलं, तो 1837 साली झाड घेऊन परतलाही. ड्यूकच्या चॅट्सवर्थमधल्या काचघरात ते वाढलं, पण त्याला फूल काही दिसलं नाही. इंग्लंडातलं पहिलं फूल 1849 साली ईलिंगच्या बागेत, लुइझा लॉरेन्स या बाईंकडे उमललं. हे वाचलं तेव्हा मला त्या ड्यूकपेक्षा गुहेतल्या त्या ओंजळींचं जास्त वाटलं. वॉलिच पोचण्याआधी कितीतरी माणसं त्या झाडाखाली वाकली असतील, फुलं वेचली असतील. त्यांनी झाडाला काय म्हटलं असेल?

आपण उर्वशी म्हटलं, आणि हे नाव मला फार आवडतं. फांदीवरून लांब लाल देठ खाली सुटतो, हातभर, कधी त्याहून अधिक. त्यावर आडव्या, लालच दांड्यांवर एकेक फूल. खाली दोन लाल पानं पंखांसारखी पसरलेली, मध्ये पंख्यासारखी रुंद एक पाकळी, बुडाशी पांढुरकी, मग किरमिजी, आणि अगदी टोकाला हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळा ठिपका. बाजूच्या दोन पाकळ्यांनाही तसेच ठिपके. वारा आला की अख्खा घोस हलतो, पण फुलं एकमेकांवर आपटत नाहीत, प्रत्येकीने आपल्यापुरतं अंतर राखलेलं. ही फुलं काही दिवसच टिकतात. आणि बी फार क्वचित धरते, म्हणून कलमांवरच पुढची झाडं होतात. एका माणसाने दुसऱ्याच्या हाती सोपवत सोपवत हे झाड इथवर आलं आहे.

झुडपांकडे मी परतताना बघते. पांढराशुभ्र कुंद असतो, तो तर माघाचाच. एखाद्या कोपऱ्यात कोरांटीची शेवटची जांभळी फुलं असतात. फाल्गुनाकडे झुकलं की नीलमणीची वेल निळी होते, इतकी की पानांची खरखर विसरायला होते. चाफा मात्र या दिवसांत नुसत्या गाठाळ बोटांनी उभा असतो. त्याची वेळ यायची असते.

बागेबाहेर, स्टेशनकडे जाताना, एका जुन्या आवाराच्या भिंतीआड काटेसावर आहे. माघात तिच्यावर एक पान नसतं. राखाडी खोड, आडव्या फांद्या, आणि त्यांवर मुठीएवढी मोठी, जाड, मांसल लाल फुलं. पान नसण्यात झाडाचा हिशेब असतो. पाणी कमी, म्हणून पानांचा खर्च बंद. फुलं उघड्यावर, त्यामुळे पाखरांना लांबून दिसतात. मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, खारी, सगळ्यांची तिथे सकाळपासून पंगत. पाऊस नसल्याने पराग भिजायची भीती नाही. आणि वैशाखात बोंडं फुटून कापूस उडाला की बी पावसाआधी जमिनीवर पोचलेली असते. त्या भिंतीपाशी थांबलं की फूल पडल्याचा आवाज ऐकू येतो. पाकळी पाकळी गळणं सावरीला माहीत नाही. अख्खं फूल पडतं, थप्प, वाटीसकट, उताणं किंवा पालथं. लोकलच्या खडखडाटातही मला तो आवाज ओळखू येतो.

गेल्या माघापासून आत्याला जिने उतरवत नाहीत. ती आता धाकट्या मुलाकडे कल्याणला असते. मी गुरुवारी बाग करून तिच्याकडे गेले. जाताना जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात अशोकाची खाली पडलेली फुलं ओल्या रुमालात गुंडाळून नेली होती. भर दुपारच्या गाडीत त्यांचं काय उरणार, असं वाटत होतं. डबा उघडला तेव्हा केसर मऊ पडले होते, केशरी रंग थोडा मातकट झाला होता. आत्याने रुमालच उचलून नाकाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग डोळे न उघडता विचारलं,

"उर्वशी लागली का ग?"

"लागली, आत्या."

"किती घोस?"

मी गप्प झाले. मी तिथे तासभर उभी होते, पिवळे ठिपके बघितले, नवी पानं बघितली, फोटो काढले. घोस मोजले नव्हते.

"अगं, मोजायचे ना," ती म्हणाली. रागावून नाही. रुमाल तिने उशाशी ठेवला.

पुढच्या गुरुवारी मी दार उघडायच्या आधीच पोचले. वाटेत अशोकाशी थांबले नाही. उर्वशीखाली चपला काढल्या, झाडाला एक पूर्ण फेरी घातली, मग चूक नको म्हणून उलटी फेरी घातली. आणि तिथूनच फोन लावला.

"आत्या, अकरा."

"उघडलेले?"

"नऊ उघडलेत. दोघांच्या अजून कळ्याच आहेत."

"मग ते दोन रविवारपर्यंत होतील," आत्या म्हणाली.