कातडीचा रंग

माझी चित्रं बघितली की लोक पहिल्यांदा विचारतात, तुमची शैली कुणाची? म्हणजे कुणाकडून उचलली. वरच्या घरातल्या पोराला हे कुणी विचारत नाही. त्याची शैली त्याची असते, घरच्या सोन्यासारखी. आमच्याकडं सोनं दिसलं की पावती मागतात. तर एकदा पावती फाडून टाकावी म्हणून हे लिहितोय. तेलरंगात माणसं काढणारा मी माणूस. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तेच करतोय. माझा हात जिथं जिथं अडला, तिथं तिथं काहीतरी मार्ग काढावा लागला. त्या काढलेल्या मार्गांनाच आता लोक शैली म्हणतात.

आमच्या घरात १९५६ च्या आधी म्हणे लक्ष्मीची तसबीर होती, कमळात उभी असलेली, रविवर्मा छापाची. राजा रविवर्म्यानं १८९४ साली घाटकोपरला छापखाना घातला आणि देव स्वस्त झाले. इतके स्वस्त, की ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही घरात आले. गोरे, गुबगुबीत, हाताला कधी घट्टा न पडलेले देव. नागपूरची दीक्षा झाली आणि आज्यानं तसबिरी उतरवून नदीत सोडल्या. मागं भिंतीवर तसबिरीएवढा चौकोन उरला, चुलीच्या धुरानं न काळवंडलेला. त्या चौकोनात पुढं बाबासाहेब आले. मी जन्मलो तो या भिंतीसमोर.

मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात मामाकडं आलो तेव्हा नववीत होतो. मामा पाट्या रंगवायचा. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. भिंतीवर बाबासाहेब काढायचे, माणसाच्या दुप्पट उंचीचे. फोटोवर पेन्सिलीनं अर्ध्या इंचाचे चौकोन पाडायचे, भिंतीवर दोरी मारून वीतभराचे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचा. मामा म्हणायचा, "चष्म्यापास्नं धर. चष्मा बसला की मानूस बसला." आणि टीकाकार! तसले टीकाकार मला पुढं कुठल्याच आर्ट गॅलरीत भेटले नाहीत. सगळा कॅम्प मागं उभा. एक म्हातारी होती, तिनं बाबासाहेबांना डोळ्यांनी बघितलेलं. ती रोज संध्याकाळी यायची आणि सांगायची, "कपाळ आखूड झालंया." आणि कपाळ खरंच आखूड झालेलं असायचं, बोटभर. पुसा, पुन्हा काढा. सारखेपणा म्हणजे काय, जबाबदारीनं रेघ ओढणं म्हणजे काय, ते मी या म्हातारीकडून शिकलो. चुकलेल्या नाकाचा देव खपतो, कारण देवाला कुणी बघितलेलं नसतं. बाबासाहेबांना बघितलेली माणसं अजून जिवंत होती.

१९७७ साली एका कलासंस्थेत नाव घातलं. कुठल्या, ते सोडा. तिथं दोन गोष्टींनी माझी वाट अडवली. एक, प्लास्टरचे पुतळे. ग्रीक देव, आठ डोक्यांच्या उंचीचे, एका पायावर भार देऊन आरामात उभे. आमच्या वस्तीत असं आरामात उभं राहणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. आमची माणसं उकिडवी बसतात. भाकरी थापताना, विडी ओढताना, नाक्यावर कामाची वाट बघताना, साहेबाच्या दारात. बूड जमिनीला नाही, सगळा भार टाचांवर, गुडघे खांद्याला भिडलेले, हात गुडघ्यांवरून खाली लोंबतात आणि पाठ कमानीसारखी वाकते. उकिडवा बसलेला एकही पुतळा त्या हॉलमध्ये नव्हता. मॉडेल यायची ती पण आमच्यासारख्याच वस्तीतून, पण तिला स्टुलावर बसवायचे. विश्रांतीची वेळ झाली की ती स्टुलावरून उतरून कोपऱ्यात उकिडवी बसायची, आणि मी तिला तेव्हा काढायचो. दहा मिनिटं. मार्क त्या चित्रांना नव्हते.

दुसरी गोष्ट रंगाची. रंगाच्या पेटीत एक ट्यूब असायची, तिच्यावर लिहिलेलं, फ्लेश टिंट. म्हणजे मांसाचा, कातडीचा रंग. पिळली की गुलाबी. मी ती ट्यूब हातावर पिळून बघितली. माझ्या हाताच्या मागच्या बाजूला तर सोडाच, तळहाताला सुद्धा तो रंग जुळेना. मग हा माणूस कोण, ज्याच्या कातडीचा रंग कारखान्यात ठरवून भरलाय? मास्तरांनी सांगितलं, सावळा माणूस काढायचा तर यात थोडा तपकिरी घाल. घातला. माणूस आजारी दिसायला लागला. उजेड दाखवायला पांढरा घातला, तर राख फासल्यासारखा झाला.

हे नीट समजायला मला तीन-चार वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गोऱ्या कातडीवर उजेड पसरतो, पिठासारखा. काळ्या कातडीवर तो पसरत नाही, चमकतो. गालाच्या हाडावर, कोपरावर, खांद्याच्या गोट्यावर एकाच जागी धारदार होतो, आणि उघड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर त्या चमकेत वरचं आभाळ उतरतं. म्हणजे चमक निळसर, आणि सावली मात्र ऊबदार, तांबूस. मी फ्लेश टिंट सोडून दिली. बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, यलो ऑकर, एवढ्यावर आलो. पांढरा अगदी शेवटी, सुईच्या टोकाएवढा. आणि मुख्य म्हणजे पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करणं सोडलं. पांढऱ्यावर काळा माणूस काढला की तो डागासारखा दिसतो. आधी सगळा कॅनव्हास टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या अंबरनं माखून घ्यायचा, ओल्या मातीसारखा, आणि मग त्या मातीतून माणूस वर काढायचा. पातळ आधी, तेलकट नंतर, नाहीतर तडे जातात. रेम्ब्रांट, काराव्हाज्जो गडद पायावरच काम करायचे, हे मागाहून वाचलं. बरं वाटलं. पण मी तिथं त्यांच्या मागून गेलो नव्हतो. आईच्या दंडाच्या मागून गेलो होतो.

कॅनव्हासचं पण सांगतो. विकतचा परवडायचा नाही. मांजरपाट आणायचा, चौकटीवर ताणायचा आणि सरस लावायचा. सरस लावल्याशिवाय चालत नाही, कारण जवसाचं तेल थेट लागलं तर कापड कुजतं. सरस कशाचा? जनावराचं कातडं, हाडं उकळून केलेला. पहिल्यांदा स्टोव्हवर वितळवला आणि खोलीभर वास सुटला तेव्हा मला हसूच आलं. हा वास माझ्या ओळखीचा! माझा आजा गावचं मेलेलं ढोर ओढायचा. हाडं गोळा करून व्यापाऱ्याला घालायचा. मग मी एकेक वस्तू बघत गेलो. काळा रंग, आयव्हरी ब्लॅक. ट्यूबवर नाव हस्तिदंताचं, आत जाळलेली गुराची हाडं. तेलरंगाचा राठ ब्रश, डुकराचे केस. म्हणजे ही जी तैलचित्रकला म्हणून सोवळी बाई दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत बसलीय, तिच्या लुगड्याखाली सगळं आमचंच आहे. ढोर, हाड, डुक्कर. त्या दिवसापासून मला कॅनव्हाससमोर पाहुण्यासारखं वाटलं नाही.

रेषेची गोष्ट वेगळी. ती मला सायक्लोस्टाईलनं दिली. १९७८-७९ च्या सुमाराला आमच्यातले दोघंतिघं कवी अनियतकालिक काढायचे. पैसे नाहीतच. एक टायपिस्ट मित्र ऑफिस सुटल्यावर स्टेन्सिल टाईप करायचा, एका युनियनच्या ऑफिसात मशीन होतं, तिथं रात्री हँडल मारायचं. मुखपृष्ठ आणि आतली चित्रं माझ्याकडं. ज्यांनी स्टेन्सिलवर चित्र काढलंय त्यांना माहीत आहे, तो मेणाचा कागद कुणाचे लाड करत नाही. रिकाम्या रिफिलनं कोरायचं. जोर कमी पडला तर उमटत नाही, जास्त पडला तर फाटतो. सावलीसाठी आडव्यातिडव्या रेघा मारल्या तर जाळी होऊन तुकडा गळतो. गोल पुरा केला तर मधला भाग सुटून पडतो, आणि माणसाच्या डोळ्याच्या जागी शाईचा गोळा. चुकलं तर लाल पाणी लावून बुजवता येतं, पण बुजवलेली जागा पुन्हा नीट कोरता येत नाही. म्हणून मी रेघ तोडायला शिकलो. खांद्यापासून निघायची, कोपराच्या अलीकडं थांबायची, मनगटाशी पुन्हा उगवायची. मधलं वाचणाऱ्यानं भरायचं. डोळा पुरा काढायचा नाही, वरची पापणी आणि खाली एक टिंब. पुढं कोळशानं मोठ्या कागदावर काढायला लागलो, तिथं काही फाटणार नव्हतं, तरी हात तसाच थांबायचा. वर्गात मास्तर म्हणाले, तुझी रेषा तुटते, अखंड ओढ. ओढून बघितली. माणूस सुंदर झाला आणि ओळखीचा राहिला नाही. मी तुटकीवर परत आलो.

गुरू म्हणून नावं विचारत असाल तर आहेत. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळायची, तिथं केथे कोलवित्झ भेटली. विणकरांच्या बंडावरची तिची चित्रमालिका १८९३ ते ९७ ची. तिच्या बायांचे हात चेहऱ्यांइतकेच बोलतात, कधीकधी जास्त. चित्तप्रसादांची १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाटनं. त्यांचं 'हंग्री बंगाल' हे पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त करून जाळलं. रेघ जाळावीशी वाटली सरकारला, यापरतं चित्रकाराला आणखी काय पाहिजे! व्हॅन गॉगनं १८८५ साली बटाटे खाणारी माणसं काढली, तेव्हा भावाला लिहिलं की त्यांचा रंग न सोललेल्या, मातीनं भरलेल्या बटाट्यासारखा ठेवलाय. तो गोरा होता, तरी त्याला फ्लेश टिंट पुरली नाही. आणि आपल्यातले सवी सावरकर, नागपूरचे. गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य त्यांनी ज्या जोरानं कोरला तो जोर माझ्यात नाही. माझं काम संथ आहे.

आता जे अजून सुटलेलं नाही ते सांगतो. आपलीच माणसं. एकानं मुलीचं चित्र सांगितलं, लग्न ठरत होतं. मुलगी छान काळी, कपाळ रुंद, डोळ्यांत पाणी नाही, धार. मी मन लावून काढली. बाप बघून गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, थोडी उजळ करा ना. पावन्यांना दाखवायचंय." मी पैसे परत दिले आणि चित्र ठेवून घेतलं. त्याच्यावर राग नाही आला. पोरीचं लग्न त्याला करायचं होतं, मला नाही. ती पोर जाताना चित्राकडं वळून बघत होती, एवढं मला आठवतं. दुसरीकडं एक गॅलरीवाला. म्हणाला, यात दलित काय आहे? ही तर नुसती बसलेली माणसं. झाडू, डफ, काहीतरी पाहिजे. एकाला आम्ही गोरे पाहिजेत, दुसऱ्याला आम्ही झाडूसकट पाहिजेत. नुसतं बसलेलं माणूस कुणालाच नको.

आणि आईला काय पाहिजे होतं? तिची मी शंभरावर रेखाटनं केली. शेणी थापताना, निवडताना, चुलीपुढं. गावी गेलो की वही घेऊन तिच्यामागं. सत्तरीला आली तेव्हा एकदा वही हातात घेऊन तिनं सगळी पानं उलटली आणि म्हणाली, "आरं, मी काय जल्मभर शेनच काढलं व्हय? येक तर बसल्याली काढ की. चांगलं लुगडं नेसून." मी म्हटलं, आये, हे खरं आहे म्हणून काढतो. ती म्हणाली, "लुगडं बी खरंच हाय. तुज्याच पैशाचं हाय."

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. कष्ट काढले नाहीत तर कोण काढणार, हे माझं म्हणणं तसंच आहे. पण कष्टाची मालकी तिची होती, माझी नव्हती, हे पण तितकंच.

मोठा कॅनव्हास ताणला, अंबरनं माखला. ती हिरवं लुगडं नेसून खुर्चीवर बसली, ताठ, फोटोवाल्यापुढं बसतात तशी. पाय लोंबकळायला लागले. पाच मिनिटांत एक पाय आपसूक खुर्चीवर आला, गुडघा छातीशी, हात गुडघ्यावर. खुर्चीवरच अर्धी उकिडवी. मी काही बोललो नाही, धरून ठेवलं. अकरा दिवस लागले. लुगड्याचा हिरवा मी कंजूषपणा न करता दिला. टाचेच्या भेगांना मात्र तीन दिवस गेले.

पुरं झाल्यावर ती खूप वेळ बघत राहिली. चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाय कशाला असला उघडा काढलास?"

"पाय तुझाच आहे, आये."

"माजाच हाय. पर चप्पल घालून काढायचा की न्हाई?"

मी चप्पल काढली. पायात नाही, खुर्चीखाली, बाजूला सारलेली, दोन्ही पाय ओळीत. दुसऱ्या दिवशी ती वाकून अगदी जवळून बघत होती. बोट लावू नको, ओलं आहे, असं मी म्हणेपर्यंत बोट लागलं. बोटाचा ठसा पट्ट्यावर उमटलाय, मी बुजवला नाही. बोट लुगड्याला पुसत म्हणाली, "चामडं चांगलं घेतलंस."