चला, पुस्तकांच्या गावाला!

मुलांनो, संत्री म्हटली की तुम्हाला नागपूर आठवतं, केळी म्हटली की जळगाव आणि हापूस आंबा म्हटला की देवगड. पण पुस्तकांचं गाव कोणतं, सांगा बरं? नाही ना आठवत? त्या गावाचं नाव भिलार. सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यात, पाचगणीच्या जवळच ते आहे. आमच्या शाळेची सहल तिथं गेली होती. आज मी तुम्हालाही घेऊन जाणार आहे. बसा पटापट!

वाटेत वाई लागते. कृष्णाकाठचे घाट आणि ढोल्या गणपती पाहायला सगळेच इथं थांबतात. पण आपण निघालोय पुस्तकांच्या वाटेनं, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. मराठी विश्वकोशाचं काम याच वाईतून झालं. नाना विषयांची माहिती मराठीत, तीही 'अ'पासून ओळीनं लावलेली, असे ते जाडजूड खंड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. ते वाईलाच राहत. तुमच्या शाळेत एखादा खंड असेल तर जरूर उघडून पाहा. नसेल तर आता विश्वकोश इंटरनेटवरही वाचता येतो.

वाई सोडली की पसरणीचा घाट सुरू होतो. वळणावळणानं गाडी वर चढू लागते, कानांना दडे बसतात, आणि मागे वळून पाहिलं की धोम धरणाचं पाणी चकाकताना दिसतं. घाट संपला की पाचगणी. तिथून महाबळेश्वरच्या बाजूला थोडं पुढं गेलं की आलंच आपलं भिलार.

लाल मातीचं हे गाव आधीपासून स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. हिवाळ्यात गेलात तर वाफ्यावाफ्यांतून लालचुटुक फळं डोकावताना दिसतील. पण ४ मे २०१७ या दिवसापासून भिलारला आणखी एक ओळख मिळाली. राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीनं इथं 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. सुरुवातीलाच २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं मांडली गेली.

आणि ही ठिकाणं म्हणजे काय माहीत आहे? गावकऱ्यांची राहती घरं! शिवाय देऊळ, शाळा अशा जागाही. कुणी बाहेरची खोली दिली, कुणी माडी. एका घरी बालसाहित्य, दुसऱ्या घरी इतिहास, कुठं कविता, कुठं कादंबऱ्या, कुठं संतसाहित्य. कुठल्या घरात काय आहे याचे फलक बाहेर लावलेले, आणि भिंतींवर रंगीत चित्रं. आपण सरळ आत जायचं, हवं ते पुस्तक काढायचं आणि तिथंच बसून वाचायचं. पैसे द्यायचे नाहीत.

अशा गावाची कल्पना सुचली ती ब्रिटनमधल्या वेल्समधलं हे-ऑन-वाय हे गाव पाहून. तिथं रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं १९६०च्या दशकात जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. हळूहळू गावात पुस्तकांची दुकानंच दुकानं झाली. पण दोन्ही गावांत एक मोठा फरक आहे. हे-ऑन-वाय पुस्तकं विकतं. भिलार पुस्तकं वाचायला देतं.

आमची मुलं एका घराच्या ओसरीवर वाचत बसली होती. आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. चौथीतल्या एका मुलीनं घरातल्या आजींना विचारलं, "आजी, तुम्ही आम्हाला ओळखतही नाही. मग एवढी पुस्तकं आमच्या हातात कशी देता?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "आगं पोरी, वाचल्यानं पुस्तक काय सरतंय व्हय?"

मुलांनो, हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कारण पुस्तक 'सरेल' अशी भीती पुष्कळ शाळांना वाटते. मी अशी एक शाळा पाहिली आहे, जिथं गोष्टींची छान छान पुस्तकं कुलूपबंद कपाटात होती. वर्षातून एकदा, वाचन प्रेरणा दिनाला, ती बाहेर निघत. मुलांना रांगेत बसवून फोटो काढला जाई आणि संध्याकाळी पुस्तकं मोजून पुन्हा आत. त्यात शिक्षकांचीही अडचण होती. पुस्तक हरवलं तर रजिस्टरात काय लिहायचं? भरपाई कुणी करायची? पण या काळजीत पुस्तकं कोरीच्या कोरी राहिली, आणि मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत निघूनही गेली.

आपल्या देशात ग्रंथालयांचं शास्त्र रुजवणारे डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यातला पहिलाच नियम असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. किती साधं, नाही?

त्याच १९३१ साली, १५ ऑक्टोबरला, रामेश्वरमला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्म झाला. लहानपणी ते वर्तमानपत्रं वाटायचे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गावात एस. टी. आर. माणिक्कम नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या घरी पुष्कळ पुस्तकं. छोटा कलाम त्यांच्याकडून पुस्तकं मागून आणायचा, आणि तेही त्याला भरपूर वाच म्हणायचे. 'अग्निपंख' या आत्मचरित्रात कलामांनीच हे सांगितलंय. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. आता विचार करा, माणिक्कमांनी आपलं कपाट वर्षातून एकच दिवस उघडलं असतं तर?

म्हणून भिलारहून परतल्यावर आम्ही शाळेतच एक छोटं भिलार वसवायचं ठरवलं. पहिलीच्या वर्गात चित्रांची पुस्तकं, दुसरीत प्राण्यांच्या गोष्टी, तिसरीत कविता, चौथीत थोरांची चरित्रं. व्हरांड्यात दोरी बांधली आणि पातळ पुस्तकं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी तिच्यावर लटकवली. नोंदवहीत ज्यानं त्यानं आपलं नाव आपणच लिहायचं. पुस्तक परत करताना वर्गाला त्यातली अर्धीच गोष्ट सांगायची. उरलेली अर्धी ऐकायला मिळत नाही, म्हणून त्या पुस्तकावर लगेच उड्या पडतात! शनिवारी 'पुस्तकांचा दवाखाना' भरतो. खळ, खाकी कागद आणि सुईदोरा घेऊन चौथीची मुलं फाटक्या पुस्तकांवर उपचार करतात.

विशेष दिवसही आम्ही सोडत नाही. १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन. त्या दिवशी नोंदवही नव्या मुलांच्या हाती जाते. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. 'श्यामची आई'ची प्रकरणं म्हणजे एकेक 'रात्र', म्हणून त्या दिवसापासून रोज रात्री घरी एक रात्र वाचायची. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. तेव्हा आजीआजोबांकडून गोळा केलेल्या म्हणी आणि उखाण्यांचं हस्तलिखित तयार होतं. पण आमच्या मुलांना ठाऊक आहे, की १६ ऑक्टोबरलाही दोरी तिथंच असते.

पुस्तकं हरवतात का? वर्षभरात दोन सापडली नाहीत. काही तर इतकी वाचली गेली, की दवाखान्यातही बरी होईनात. अशी पुस्तकं पाहून मला आनंदच होतो.

आईबाबांनो, आता थोडं तुमच्याशी. घरातली चांगली पुस्तकं काचेच्या कपाटात वरच्या फळीवर असतील, तर ती मुलांचा हात पोचेल अशी खाली आणा. पानं दुमडतील, एखाद्यावर चहाही सांडेल. सांडू दे.

आणि मुलांनो, भिलार पाहायला सवडीनं जा, पण आज संध्याकाळी एक काम करा. तुमचं आवडतं पुस्तक घेऊन शेजारच्या मित्राकडे जा आणि त्याला अर्धीच गोष्ट सांगा. उरलेली अर्धी तो मागेलच. मग पुस्तक त्याच्या हातात द्या. ते सरणार नाही!