मालगाडीने परतलेला भीम

नंदीग्राम एक्स्प्रेसने भोकर सोडलं की सपाट मराठवाडा मागे पडतो आणि किनवटच्या आसपास सागवान रुळांच्या जवळ येतं. पुढे आदिलाबाद. इथे फलाटावर तेलुगूच्या जोडीने मराठीही सहज कानावर येते. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होते. निजामाच्या राज्यातला हा सलग जंगलपट्टा. राज्यांच्या सीमा सरकल्या, सोयरिकी जिथल्या तिथे राहिल्या.

मला जोडेघाटला जायचं होतं. गोंडांचा पुढारी कोमराम भीम तिथे निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला. 2016 च्या फेररचनेत ते गाव त्याच्याच नावाच्या नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, तरी मी वाट आदिलाबादहूनच धरली.

वाटेत इंद्रवेल्लीच्या स्मारकस्तूपापाशी उतरलो. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी इथे गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 13 मृतांचा. लोक सांगतात तो कितीतरी मोठा आहे. भीमाला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती, आणि मागणी तीच होती.

उटनूर मागे टाकून रस्ता केरामेरीच्या घाटाकडे वळतो. गाडीत भीमाबद्दल विचारलं की त्याच्या शेवटच्या लढाईचीच गोष्ट आधी येते. मला मात्र त्याआधीची वर्षं जास्त ओढतात. संकेपल्लीचा हा गोंड मुलगा. जंगल खात्याच्या माणसांशी झालेल्या तंट्यात बाप गेला. पुढे शेतावर हक्क सांगायला आलेल्या माणसाचा भीमाच्या हातून खून झाला आणि तो फरार झाला. पोचला चंद्रपूरला. तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला, कामाला लावलं, लिहा-वाचायला शिकवलं. इंग्रजांविरुद्ध आणि निजामाविरुद्धचे कागद तिथे छापले जात. विठोबाला अटक झाली, छापखाना बंद पडला, तेव्हा भीम आगगाडीने थेट आसामच्या चहामळ्यांत मजुरीला गेला. मळ्यातल्या मजुरांच्या चळवळीत तिथेही पकडला गेला, निसटला, आणि मालगाडीतून बल्लारशाहला उतरला. ही हकिगत बहुतेक तोंडोतोंडी आली आहे, पण तिच्यातला माणूस मला खरा वाटतो. जंगलाबाहेर न पडलेला भोळा वीर अशी त्याची प्रतिमा केली जाते, ती मला पटत नाही. छापखाना, मळा आणि आगगाडी पाहिलेला हा कामगार होता. मजूर एकजुटीने उभे राहिले की मालकाला काय वाटतं, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच काळात रेल्वेला स्लीपर लागत, इमारतींना लाकूड लागे, आणि देशभर जंगलं राखीव होत होती. गोंड-कोलाम आदिवासींची पोडू, म्हणजे फिरती शेती गुन्हा ठरली, चराईवर कर बसला. परतलेल्या भीमाने बारा गावं जमवली आणि जल, जंगल, जमीन यांवर हक्क सांगितला. निजामाशी बोलणी फिसकटल्यावर पोरांची फौज उभी राहिली. 1940 मध्ये पोलिसांनी जोडेघाटच्या टेकडीला वेढा घातला. बंदुकांपुढे ती फौज कुठवर टिकणार? भीम साथीदारांसह मारला गेला.

त्यानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक उठले का. ते शोधायला मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ आले आणि जैनूरजवळच्या मारलवाईत गोंडांमध्ये राहिले. तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं, आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळू लागले. जे मागताना भीम मेला, त्यातलं थोडं त्याच्या मरणानंतर पदरात पडलं. मला याचा राग येतो.

जोडेघाटला आता त्याचा पुतळा आणि संग्रहालय आहे. पुण्यतिथी कॅलेंडरच्या तारखेने नव्हे, आश्विन पौर्णिमेला पाळतात. तेव्हा लांबलांबची गोंड माणसं इथे येतात. परतताना मी आसिफाबाद रोड स्थानकावरून बल्लारशाहमार्गे जाणारी गाडी धरली. चंद्रपूरला उतरून छापखान्यांच्या जुन्या गल्ल्या पाहायच्या होत्या.